मिश्री भाजलेली असते

मखमलाबाद, नाशिक
बुधवार, २१ मार्च २००१

शुभांगी,

तू दिल्लीला नीट पोचलीस, होस्टेलची खोली चांगली आहे आणि मेसची डाळ पातळ आहे, एवढं सगळं तुझ्या पत्रावरून कळलं. म्हणजे सरांना आलेल्या पत्रावरून. त्यांनी ते मला वाचायला दिलं. मला वेगळं पत्र नाही, ठीक आहे, ट्रेनिंगमध्ये वेळ मिळत नसेल. आमच्याकडे सगळे बरे आहेत. आप्पांची कोथिंबीर निघाली, आईचा गुडघा जरा वाकायला लागलाय. संशोधन केंद्रात चारचौघांसमोर मी तुला मॅडम म्हणतो, पत्रात म्हणणार नाही. आणि आज गोड बोलायलाही बसलेलो नाही.

धोंडाबाईंना काढलं.

तुला नवल वाटायचं कारण नाही. बारा तारखेला तू त्यांचं निवेदन लिहिलंस, तेराला गाडीत बसलीस. सोळा तारखेला सकाळी त्या डबा घेऊन आल्या, तर आपले हेडक्लार्क भारतभाऊ गेटवरच म्हणाले, "मावशी, उद्यापासून नका येऊ." नऊ वर्षं त्या बाईनं रोपं लावली, बांधली, खुडली. डबा न उघडता परत गेली.

ते निवेदन मी पाहिलं. अक्षर किती सुंदर आहे गं तुझं! "मी, धोंडाबाई बहिरू गांगुर्डे, रोजंदारी मजूर, तंबाखूची मिश्री लावत असून दिनांक निश्चित आठवत नाही अशा दिवशी हात न धुता जाळीघरात गेले, त्यामुळे रोपांना रोग झाला." ती बाई असं बोलते? "दिनांक निश्चित आठवत नाही अशा दिवशी"? आणि खाली अंगठा! अगं, ती सही करते. त्र्याण्णव साली त्यांच्या वस्तीत साक्षरतेचा वर्ग होता, त्यात शिकली. हजेरीपुस्तकात दर आठवड्याला तिची सही आहे, जाऊन बघ. भारतभाऊंनी शाईची डबी पुढे केली आणि तिनं अंगठा टेकला, आणि तू एम.एस्सी. झालेली बाई समोर बसून बघत राहिलीस.

पुढचं तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो, कारण तुझ्या निवेदनात त्यातलं एक अक्षर नाही.

सरांचा सतरा नंबरचा टोमॅटो. अठरा वर्षं. मी चार वर्षांचा होतो तेव्हा गिरणाऱ्याच्या थेट्यांचा पुंजाराम नावाचा माणूस, म्हणजे हेच आपले सर, डॉक्टर होऊनसुद्धा सायकलवर, गावोगाव बोकड्या झालेली टोमॅटोची झाडं शोधत हिंडत होता. आमच्याही मळ्यात आला होता म्हणे. पानं वर वळून आखडलेली, झाड खुजं, फळ नाही. लोक औषधं मारून थकले होते. सर म्हणाले, औषधानं पांढरी माशी मरेल, तिनं झाडात सोडलेला व्हायरस मरणार नाही. झाडच असं पाहिजे की त्याला तो लागूच नये. आप्पा अजून नक्कल करतात, "आमी म्हनलं, सायेब, झाडाला काय देवी टोचनार का तुमी?" त्याआधी सरांनी रोगांपायी जळगावकडे केळी केली, पपई केली, भेंडीची पानं पिवळी करणारा केवडा केला. एसटीत मांडीवर बर्फाचा थर्मास, आत रोगट पानं. कंडक्टर विचारायचा, कुल्फी का? तीस वर्षं असं. आणि मिळालं काय? पीक चांगलं आलं की लोक बियाण्याचं नाव घेतात, आणि गेलं की विचारतात, ते व्हायरसवाले काय झोपले होते?

फेब्रुवारीत जाळीघरात आपण हजारो पांढऱ्या माश्या सोडल्या. शेजारच्या ओळीतला बाजारातला टोमॅटो पंधरा दिवसांत आखडला. सतरा नंबर ताठ! सरांना मी त्या दिवशी पहिल्यांदा शिट्टी वाजवताना ऐकलं. आणि महिनाअखेरीस सतरा नंबरच्याच पानांवर हिरवे-पिवळे चट्टे आले. बोकड्या नव्हे, दुसराच व्हायरस. तंबाखूवरचा, माशीनं न जाता हातानं जाणारा. नऊ मार्चला वाण पास करणाऱ्या समितीचे तीन साहेब आले. त्यांना दुपारच्या आत त्र्यंबकला दर्शनाला पोचायचं होतं, म्हणून बूटसुद्धा बदलले नाहीत, जाळीतूनच बघितलं.

"पानं बिघडलीत ना? मग व्हायरस आला. संपलं."

सर म्हणाले, "साहेब, ताप तर मलेरियाला पण येतो आणि टायफॉइडला पण येतो."

"थेटे, आता रिटायर होताय, वाद कशाला?"

शेवटी एवढंच पदरात पडलं की रोग माणसाच्या हातून गेला असं ज्याच्या हातून गेला त्यानं लिहून दिलं, तर चाचणी रद्द धरू, खरिपात पुन्हा लावा. नाहीतर सतरा नंबर नापास. वीस एप्रिलला बैठक, तीसला सरांची निवृत्ती.

म्हणून तू नि भारतभाऊ, तुम्ही दोघांनी एक हात शोधलात. सगळ्यात गरिबाचा.

एक सांगतो. सरांनी ते निवेदन पुढे पाठवलेलं नाही. खणात ठेवलंय. भारतभाऊ रोज विचारतात, सर रोज म्हणतात, "बघू."

आणि तू स्टेशनवर निघताना विचारलंस की तंबाखू सोडल्याचा शब्द पाळतोयस ना. विषय काय, प्रसंग काय! समाधान पिंगळे शब्दाचा पक्का आहे. कॉलेज सोडलं तेसुद्धा शब्दापायीच. सरांसमोर प्रॅक्टिकलची वही फेकून "कॉलेजात परत येणार नाही" म्हणालो आणि गेलो नाही; पुढे सरांनीच केंद्रात रोजंदारीवर घेतलं, ती गोष्ट वेगळी.

रागानं,
समाधान


मखमलाबाद
सोमवार, २ एप्रिल २००१

शुभांगी,

पत्र मिळालं. सात ओळी. मोजल्या. खुशाली विचारल्याबद्दल आभारी आहे, पाडवा झाला, श्रीखंड आंबट होतं.

तू लिहितेस, "मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण सरांचं अठरा वर्षांचं काम वाचवायचं होतं. सर सोडले तर जाळीघरात तीनच माणसं जात होती. धोंडाबाई नाही, तर मग कोणाच्या हातून, ते तू सांग." वा! म्हणजे पोलीस मी व्हायचं!

बरं, आता ऐक, काय झालं ते.

गेल्या मंगळवारी सर म्हणाले, "समाधान, धोंडाबाईंकडे जाऊन त्यांच्या मिश्रीची डबी मागून आण." मी गेलो. दारातच होत्या, गहू निवडत. "जय भीम, मावशी," म्हटलं.

"जय भीम. काय, आता कोनता कागुद आनला?"

"कागद नाही. तुमची मिश्री पाहिजे."

"घे! तीबी काढून घे!" बाई अशी उसळली की शेजारणी बाहेर आल्या. "दूद वाया घालवलं रोज, त्यात हात बुडिवले. घरी पोराला च्यात घालाया नव्हतं, आन् तिथं वाटीभर दुदात हात. मी म्हनायची, वासराला पाजाया चाललो का काय? पन बुडिवले! एक दिस चुकिवलं नाय. सरांनी सांगितलं व्हतं, दुदानं त्यो रोग हाताला चिकटत नाय. आन् मंग म्हनत्यात, हात धुतले नाय!"

"मावशी, तुम्ही अंगठा का दिला मग?"

"मला म्हनले, सरांचं काम वाचंल. शुभांगीताईबी मान हालवत व्हती. सरांसाठी दिला. मला काय ठावं, मला काढतील?"

हे तुझ्यासाठी लिहिलं, जसंच्या तसं.

डबी आणली. ऑफिसच्या व्हरांड्यात सरांच्या त्या दोन कुंड्या आहेत ना, रानतंबाखूच्या, जिच्या पानावर हा व्हायरस चोळला की तीन-चार दिवसांत बारीक तपकिरी ठिपके पडतात? सरांनी मिश्री पाण्यात कालवली, पानाला बारीक ओरखडे पडावेत म्हणून त्यावर ती खरखरीत पूड भुरभुरली आणि बोटानं अलगद चोळलं. मग म्हणाले, "दुसऱ्या कुंडीला साधी तंबाखू लावून बघू. कोणाकडे मिळेल?" मी म्हटलं, भारतभाऊंकडे असेल, आणतो. चिमूटभर आणून दिली.

शुक्रवारी बघितलं. साध्या तंबाखूच्या पानावर ठिपकेच ठिपके. सरांनी भिंगानं मोजले, त्रेचाळीस. मिश्रीच्या पानावर एकही नाही. कोवळं, स्वच्छ पान.

सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मिश्री भाजलेली असते."

एवढंच. शुभांगी, आपल्या आज्या, मावश्या, सगळ्या तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात, घरभर ठसका उठतो, आणि मग कुटून दाताला लावतात. त्या तव्यावर व्हायरस जिवंत राहील? हे तुला सुचलं नाही, मला सुचलं नाही, भारतभाऊंना तर व्हायरस म्हणजे कॉम्प्युटरमधला वाटतो. आपण "तंबाखू" हा शब्द ऐकला, "मिश्री" आणि "रोजंदारी" हे शब्द ऐकले, आणि गणित सोडवून मोकळे झालो. तू तर दिल्लीला हेच शिकायला गेलीयस!

आता विचारू नकोस की मग कोण. समितीच्या साहेबांपैकी कोणी आधी हात घातला असेल. भारतभाऊ एकदा किल्ली घेऊन गेले होते. मजूर बदलीवर येतात. सर दोन दिवस झाले जाळीघरात खाली बसून सुतळीच्या गाठी बघतायत, झाड बांधलेल्या. एका वहीत काहीतरी मांडतायत. गाठींत काय असतं कोण जाणे. मी विचारलं नाही.

मला तुम्हा शिकलेल्या लोकांचा राग येतो, हे मात्र लिहून ठेव. तुमचं चुकलं की "त्रुटी", आणि धोंडाबाईंचं न चुकताच "अंगठा".

अंबडच्या त्या इंजिनिअरच्या स्थळाचं काय झालं, ते लिहू नकोस. मला ऐकायचं नाही. झालं असेल तर कळेलच, पत्रिका छापतात लोक.

सरांची तब्येत बरी आहे. जेवण कमी झालंय.

समाधान


नाशिक
बुधवार, ११ एप्रिल २००१

शुभांगी,

हे पत्र मिळेपर्यंत तुला केंद्रातून फोन गेला असेल, तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. आई, आप्पा बरे आहेत. आप्पा माझ्याशी बोलत नाहीत, त्यांचं बरोबर आहे.

ती चिमूट भारतभाऊंची नव्हती. माझ्या खिशातल्या पुडीतली होती. मी इमारतीला एक फेरी मारून आलो आणि खिशातून काढून दिली. भारतभाऊ तंबाखू खात नाहीत. वीस वर्षं सर त्यांच्या शेजारी बसतायत, सरांना हे माहीत नसणार का? तरी त्यांनी माझ्या तळहातावरून ती घेतली, "बरं झालं, मिळाली" म्हणाले.

जाळीघरातला हात माझा आहे.

बारा फेब्रुवारी, सोमवार. तू सकाळी हसत सांगितलंस, की काल तुला बघायला आले होते, मुलगा अंबडला इंजिनिअर, स्वभावानं शांत वाटला. "शांत" हा शब्द तू मुद्दाम वापरलास असं मला वाटलं. मी तुला काहीच बोललो नाही. मागच्या बांधावर गेलो, सोडलेली पुडी परत विकत घेतली होतीच, कधी ते विचारू नकोस, खूप आधी. चुना लावून मळली, बार भरला, आणि तसाच जाळीघरात शिरलो. साबण नाही, दूध नाही. वाटी भरलेली होती, धोंडाबाईंनी ठेवलेली. मी तिच्याकडे बघून पुढे गेलो. डोक्यात तो इंजिनिअर होता. तिसऱ्या ओळीपासून चाळीस झाडं बांधली, फुटवे नखानं खुडले, एकेका झाडाला अशी आवळून गाठ मारली की जणू त्याचा गळा आहे.

सर त्याच गाठी बघत होते. धोंडाबाई सुतळीला सैल फास देतात, खोड जाड झालं की त्याला जागा राहते. मी दुहेरी आवळतो. चट्टे आलेलं एकेक झाड सरांनी वहीत मांडलं होतं. सदतीस झाडं, सदतीस दुहेरी गाठी.

आणि मी तुला दोन पत्रं लिहिली! काय तो संताप, काय ती भाषा! वाचून तुला मी मोठा न्यायी वाटलो असेन. धोंडाबाईंसाठी मी खरंच चिडलो होतो, ते खोटं नव्हतं. पण त्यांच्यासाठी जितका मोठ्यानं ओरडत होतो तितका स्वतःचा आवाज मला ऐकू येत नव्हता. मी कबूल केलं असतं तर नोकरी गेली असती, ती काय, रोजंदारीच. तुला कळलं असतं की मी शब्द मोडला, त्याची भीती होती. तू म्हणाली होतीस, "आधी तंबाखू सोड, मग आपण बोलू." त्या एका "बोलू"साठी एका बाईला मी पंचवीस दिवस घरी बसवलं.

सोमवारी सरांच्या घरी गेलो, इंदिरानगरला. निवेदन लिहून नेलं होतं. सरांनी चष्मा लावून वाचलं. मला वाटलं, आता मारतील. मारायला हवं होतं. त्यांनी पेन काढलं आणि एक ओळ सुधारली. मी लिहिलं होतं, "माझ्यामुळे सतरा नंबरला रोग झाला." त्यांनी केलं, "माझ्या हातावरून सतरा नंबरच्या सदतीस झाडांना." म्हणाले, "नंबरला रोग झालेला नाही. नीट लिही. यावर बैठक आहे."

मग माझा तोल गेला. "सर, तुम्हाला ठाऊक होतं! मला एकदा तरी विचारायचं!"

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"मी तुझं नाव घालून लिहिलं असतं, तर ते माझं निवेदन झालं असतं, अरे. स्वतःचं काम वाचवायला केलेलं. त्यांनी मागितलंय ज्याचा हात त्याचं."

"आणि मी आलो नसतो तर?"

"तर नापास," सर म्हणाले. अगदी साधेपणानं. आतून काकू चहा घेऊन आल्या, त्यांना वाटलं मी पगाराचं काही विचारायला आलोय. अठरा वर्षं, शुभांगी! एवढं खणात टाकून माणूस माझी वाट बघत बसला होता आणि मी त्यांना रोज "गुड मॉर्निंग सर" म्हणत होतो. मला त्यांचाही राग आला. इतका विश्वास कोणी कोणावर टाकू नये. तो पेलताना फार लाज वाटते.

काल निवेदन केंद्रात दिलं. मला त्याच मिनिटाला काढलं. भारतभाऊ धोंडाबाईंकडे गेले, मीही मागोमाग गेलो. भारतभाऊ म्हणाले, "मावशी, या उद्यापासून, गैरसमज झाला होता."

"गैरसमज कुनाला झाला? मला तर नाय झाला."

"जाऊ द्या आता."

"माजा अंगठा कुठंय?"

सरांनी खणातून काढून दिलेला तो कागद भारतभाऊंनी पुढे केला. बाईनं तो उन्हाकडे धरून आधी सगळा वाचला, एकेक अक्षर लावत, आम्ही दोघं उभे. "दिनांक निश्चित" पाशी थांबली, म्हणाली, "हे कोन बोललं?" मग चार तुकडे केले आणि चुलीत घातले. माझ्याकडे वळून म्हणाली, "आन् तू, समाधान? माज्या दारात यिऊन मला इचारत व्हता, अंगठा का दिला?" मी पाया पडायला वाकलो, तर पाय मागे घेतले. "पाया नको पडू. सुतळी ढिली बांधाया शिक."

आजपासून त्या पुन्हा कामावर आहेत. मी आत जाऊ शकणार नाही. समितीनं मानलं तर खरिपात सतरा नंबर पुन्हा लागेल, आणि सर नसतील, म्हणून तो तुझ्या हाती येईल. समिती मानेल की नाही, ते वीस तारखेला कळेल. सर म्हणाले, वही तुझ्यासाठी ठेवलीय. सांभाळ.

एक मात्र बोलतो, माझी चूक मोठी निघाली म्हणून तुझी लहान होत नाही. धोंडाबाईंना तू स्वतः पत्र लिही. मोठ्या अक्षरात, साध्या शब्दांत. त्यांना वाचता येतं.

त्या इंजिनिअरला होकार द्यायचा असेल तर दे. तो शांत आहे, हे मी आज रागानं लिहीत नाही.

मी आप्पांच्या मळ्यात आहे. आज सकाळी पुडी विहिरीत टाकली, असं लिहायला फार छान वाटलं असतं. टाकलेली नाही. खिशात आहे, सकाळपासून उघडलेली नाही, आणि आत्ता दुपारचे तीन वाजलेत. यापुढचं कोणालाही वचन म्हणून सांगणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघणार नाही, असं लिहिलं होतं. खोडलं. बघेन.

समाधान कारभारी पिंगळे